पिल्लं वाटता, तर त्यांची ऊब पण वाटा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक फोटो आला होता. बायका रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याचा बॉक्स आणि बॉक्सच्या भोकांतून पिवळी पिवळी डोकी बाहेर पाहून राहिली. खाली लिहिलं होतं, पिल्लं वाटप. फोटो छानच होता पण तो पाहून माझ्या पोटात कालवलं, कारण दिवस थंडीचे आहेत आणि ती कोंबडीची पिल्लं पहिल्या दहा रात्री कशी काढतील हेच आधी डोक्यात आलं. म्हणून हे पत्र लिहून राहिले. लांब झालं तर काटछाट करा, पण मापं आणि आकडे तेवढे तसेच ठेवा ही विनंती.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. धानाची शेती आहे, बचत गटात आहे आणि सात-आठ वर्षांपासून घरामागच्या सांदवाडीत कोंबड्या पाळते. खूप मोठं काही नाही, वीस-पंचवीस पिल्लं आणायची, मोठी करायची, अंडी घरी खायची, चार विकायची, सणावाराला दोन कोंबडे गेले की पोरांच्या वह्या-पुस्तकांचं निघून जातं. आमच्याकडे घरोघरी अशाच कोंबड्या आहेत आणि ते सगळं बायकांच्या हातात असतं. म्हणून पिल्लं मेली तर ते नुकसान कुठल्या वहीत लिहिलं जात नाही, पंचनामा होत नाही, पण घरात ते बरोबर जाणवतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. डिसेंबर होता, धानाची मळणी झाली होती, हाती थोडे पैसे होते. गावात गाडीवर पिल्लं विकणारा माणूस आला आणि आम्ही चौघींनी मिळून शंभर पिल्लांचा एक बॉक्स घेतला. बॉक्सला आतून चार खण असतात, एकेका खणात पंचवीस, तेव्हा वाटणी सोपीच होती, एकेकीने एकेक खण घेतला. संध्याकाळचे सहा वाजले होते. आता कळतं की पहिली चूक तिथेच झाली, कारण बॉक्समध्ये ती शंभर जीव एकमेकांना चिकटून एकमेकांना गरम ठेवत होती आणि आम्ही त्यांना फोडून, गार वारं सुटलेल्या वेळी, उघड्या टोपल्यांत घालून चार दिशांना घेऊन गेलो.

मी सपरीत, म्हणजे घराच्या उघड्या ओसरीत, डालं पालथं घातलं, वरून पोतं टाकलं, आत २०० वॉटचा बल्ब सोडला. सगळे असंच करतात, माझ्या माहेरीही असंच करायचे. रात्री अकराला लाइन गेली. आमच्याकडे लाइन विचारून जात नाही. मला वाटलं येईल अर्ध्या तासात, दिवसभराची थकलेली होते, डोळा लागला. डीपीत बिघाड झाला होता, लाइन सकाळी सातला आली. पहाटे चारला मी टॉर्च घेऊन डालं उचललं तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली, आणि तो ढीग हाताने बाजूला करत गेले तसतशी खालची निघत गेली, चपटी झालेली, डोळे मिटलेले. पंचवीसपैकी चौदा. त्यांचे पाय हाताला लागले ते अजून आठवतात, काडीसारखे आणि एकदम थंडगार. थंडीने मेली तेवढीच चेंगरून मेली, कारण प्रत्येक पिल्लू ऊब शोधत दुसऱ्याच्या खाली शिरत होतं.

त्या ढिगात एक पिल्लू होतं, मान टाकलेलं, पण चोच मधून मधून उघडत होतं. मी ते मेलेल्यांतच धरलं होतं. आमच्या सासूबाईंना गुडघेदुखी आहे, त्यांचा शेक घ्यायचा इलेक्ट्रिक पॅड आहे, लाइन आल्या आल्या त्या रोजच्यासारख्या पॅड गुडघ्यावर घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, आण इकडे ते. पदरात गुंडाळून पॅडच्या बाजूला घेऊन बसल्या. मी चहा केला, झाडझूड केली, अर्धा-पाऊण तास झाला असेल, पदरातून चिव आवाज आला. मग अजून एक चिव. मी जाऊन पाहिलं तर त्याने मान वर केली होती आणि पॅडच्या अंगाला पाठ घासून राहिलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "पिल्लाले उजेड नाही लागत वं, मायचं पोट लागते. तू त्याइले नुसता दिवा लावून देल्ला."

संपादक साहेब, ते एक वाक्य मी तीन वर्षं डोक्यात घेऊन फिरून राहिले.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी काय करते ते पहा. ती आख्खी सपरी गरम करत नाही. तिच्या अंगाची गरमी ४१ अंशांच्या आसपास असते आणि ती फक्त पोटाखाली, पंखाखाली जागा गरम ठेवते. पिल्लं बाहेर पळतात, टिपतात, पाणी पितात, गार वाटलं की धावत येऊन पोटाखाली शिरतात, दहा मिनिटांत पाठ शेकून परत बाहेर. एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आपलं अंग आपण गरम ठेवायची ताकद त्याला यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पुरती पिसं यायला पाच-सहा. म्हणून पुस्तकात सांगतात की पहिल्या आठवड्यात ३५ अंश द्या आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत या. आमच्याकडे डिसेंबरात रात्री पारा नऊ-दहा अंशांपर्यंत उतरतो, बाजूला तलाव असल्यामुळे पहाटेला तर जास्तच झोंबतं. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर आला होता ते तुम्हीच मोठ्या अक्षरात छापलं असेल. अशा रात्री उघड्या सपरीत बल्बने हवा गरम करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं आहे, बल्बच्या खाली पिल्लू भाजतं आणि हातभर बाजूला गारठतं.

आणि आता तर अजून एक गोष्ट होऊन राहिली जी मी स्वतः दोन घरी पाहिली. जुने तारेचे बल्ब गावात मिळेनासे झाले. २०१५ पासून उजाला योजनेतले ९ वॉटचे एलईडी घरोघरी आले, वीज वाचते, चांगलंच आहे, पण त्या बायकांनी डाल्यात एलईडी सोडला होता. उजेड लख्ख! हात लावून पाहिला तर कोमटसुद्धा नाही. बल्ब म्हणजे बल्ब असंच कोणालाही वाटणार, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की जुना बल्ब ऊब द्यायचा ती त्याची वाया जाणारी वीज होती आणि एलईडी तेवढी वाया घालवत नाही म्हणून तो गरम होत नाही. पिल्लं सकाळी मेली की मग म्हणतात रोग आला, हवा लागली, आणि दुकानातून औषधाची पुडी आणून उरलेल्यांच्या पाण्यात टाकतात. गारठलेलं पिल्लू खात नाही, पाणी पीत नाही, पोटातला बलक नीट जिरत नाही, मागची जागा विष्ठेने चिकटून बंद होते. दिसायला सगळं रोगासारखंच दिसतं. कारण मात्र पहिल्या दोन रात्रींची थंडी असते.

तर मी पॅड वापरायला लागले, तेच सांगते. नंतर कळलं की बाहेरच्या देशांत घरगुती कोंबड्या पाळणारे लोक असंच करतात, माणसांच्या शेकाच्या पॅडचं बुटकं छप्पर करून त्याखाली पिल्लं ठेवतात, आणि तिकडे तर खास पिल्लांसाठी पायांवर उभी राहणारी गरम पाटी तयार मिळते. आपल्याकडे ती गावात कुठे मिळणार, पण शेकाचा पॅड तालुक्याच्या मेडिकलात मिळतो.

पहिल्यांदा मी फसले, ते आधी सांगते कारण दुसऱ्या कोणी फसू नये. सासूबाईंचा पॅड घेणं बरं नाही म्हणून मी शहरातून नवा आणला, सातशे रुपयांचा. दुकानदाराने चांगला म्हणून दिला. रात्री दीडला जाग आली ती पिल्लांच्या आवाजाने. त्यांचा आवाज दोन तऱ्हेचा असतो, समाधानी असली की बारीक गुणगुण, आणि गारठली की चिरकं, लांब, थांबतच नाही. हा दुसरा होता. लाइन होती, बटण चालू होतं, पण पॅड गार! दोन तास झाले की आपोआप बंद होणारा तो पॅड होता. माणूस शेक घेता घेता झोपला तर भाजू नये म्हणून कंपनीने ती सोय केली आहे, आणि माणसासाठी ती बरोबरच आहे, पण पिल्लांसाठी तोच घात आहे. त्या रात्री दोन पिल्लं गेली. उरलेल्या रात्रभर मी दर दोन तासांनी उठून बटण दाबलं. दुकानदाराने तो परत घेतला नाही. म्हणून घेण्याआधी दुकानातच विचारा की हा आपोआप बंद होतो का, आणि घरी आणल्यावर पिल्लं यायच्या आधी एक आख्खी रात्र चालू ठेवून सकाळी हात लावून पहा. साधा, कमी-मध्यम-जास्त अशा तीन खुणांचा, स्वतः गरम होऊन ठरलेल्या गरमीवर टिकणारा पॅड पाहिजे.

आता बांधणी. माझा पॅड साधारण ३० सेंटिमीटर बाय ३८ सेंटिमीटर आहे, ६० वॉटचा. वेल्डमेश जाळीचा एक तुकडा घेतला, बैलबंडीवर कमानीसारखा टप बांधतात तसा वाकवला, पण एका बाजूने बुटका आणि दुसऱ्या बाजूने उंच. पॅडला जुन्या उशीचा सुती अभ्रा घातला आणि जाळीच्या आतल्या अंगाने सुतळीने बांधला, कुठेही टोचलं नाही, घडी पडू दिली नाही. घडी पडली की तिथे तार जास्त तापते, हे पक्कं लक्षात ठेवा. जाळीच्या वरून एक पातळ टॉवेल, बस. वाकळ, ब्लँकेट, पोती वरून टाकायची नाहीत, आणि पॅड पिल्लांच्या खाली तर कधीच टाकायचा नाही, तुसात पुरायचा तर नाहीच नाही. ऊब वरून आली पाहिजे आणि पाठीला लागली पाहिजे. उंची मागच्या बाजूला तीन बोटं, पुढच्या बाजूला पाच बोटं. पिल्लू आत शिरलं की पाठ पॅडला टेकते इतकं बुटकं. पिल्लं भराभर वाढतात म्हणून दर चार-पाच दिवसांनी जाळीखाली विटेचा तुकडा सरकवून एकेक बोट उंची वाढवायची.

खाली आम्ही धानाचं तूस टाकतो, ते आमच्याकडे राइस मिलवर पाहिजे तेवढं मिळतं. पहिले दोन दिवस त्यावर पोत्याचा तुकडा अंथरते, पेपर नाही. पेपर ओला झाला की पिल्लांचे पाय घसरतात आणि फाकतात, मग ते पिल्लू उठत नाही. पाणी आणि दाणा पॅडपासून दूर, दोन हात तरी. पाणी पहिल्या दिवशी कोमट, थोडा गूळ घालून, आणि बारीक कणी किंवा मक्याचा भरडा.

पहिली संध्याकाळ मात्र त्यांच्याजवळ बसावं लागतं. पॅडच्या खाली अंधार असतो आणि पिल्लं अंधारात जायला घाबरतात, उजेडाकडे धावतात. मी एकेक उचलून आत सरकवते, ते बाहेर येतं, परत सरकवते. दोन-तीन तास हेच चालतं. मग एकाला कळलं की बाकीची त्याच्या मागे जातात. आणि पिल्लं यायच्या एक तास आधी पॅड चालू करून ठेवायचा, आत गरम असेल तरच ती तिथे थांबतील.

पिल्लू बरोबर गरम आहे का हे मी थर्मामीटरनेही पाहिलं, आत पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ दाखवतो, पण खरी खूण पिल्लंच देतात. पॅडच्या कडेने डोकी बाहेर काढून, पाय पसरून, डोळे मिटून पडली असतील तर सगळं बरोबर. सगळी आतल्या कोपऱ्यात कोंबून चिरकत असतील तर उंची जास्त झाली किंवा खूण वाढवायची वेळ आली. आत एकही नाही आणि बाहेर चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर जास्त तापलं. अजून एक, पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पहा. गार लागले तर ते पिल्लू गारठलेलं आहे, मग बाकी काहीही ठीक दिसत असलं तरी. आणि रात्री झोपायच्या आधी गळ्याखालची थैली बोटाने चाचपा, भरलेली, मऊ लागली पाहिजे.

बल्बपेक्षा सगळ्यात मोठा फरक मला झोपेचा दिसला. बल्बखाली पिल्लं रात्रभर जागी असतात, टिपत असतात, मग एकमेकांच्या शेपटीला टोचतात, रक्त निघालं की सगळी त्याच्याच मागे. पॅडखाली अंधार पडला की ती झोपतात, पहाट झाली की उठतात, गावच्या कोंबडीच्या पिल्लांसारखी. आठव्या-नवव्या दिवशी तर ती टपावर चढून बसायला लागतात, जशी मायच्या पाठीवर बसतात तशी. माझ्या सासूबाई ते पाहायला खास खुर्ची टाकून बसतात.

आता विजेचं. ६० वॉटचा पॅड पूर्ण चोवीस तास चालला तरी दीड युनिटच्या आत. २०० चा बल्ब तेवढाच वेळ चालला तर जवळपास पाच युनिट. पण बिलापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या घरी पोरांच्या अभ्यासासाठी साधा इन्व्हर्टर आहे, १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी. बाराला दीडशेने गुणलं तर अठराशे वॉट-तास होतात, त्यातले बरेच इकडे तिकडे जातात, तरी हजार-बाराशे हाती येतात असं धरा. त्यावर २०० चा बल्ब पाच-सहा तासांत बॅटरी संपवतो, आणि पॅड आख्खी रात्र काढून वर उरतं. डीपी जळाली तरी सकाळपर्यंत पिल्लं गरम. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी दोन लिटरच्या प्लास्टिक बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या कापडात गुंडाळून पिल्लांच्या बाजूला आडव्या ठेवायच्या, दोन-अडीच तासांनी बदलायच्या. झोप मोडते, पण पिल्लं वाचतात. आणि गावात कोणाची कोंबडी खुडूक असेल तर तिच्याखाली रात्री अंधारात पिल्लं सोडून पाहायला काय हरकत आहे, तिच्यासारखा पॅड अजून झाला नाही.

काही लोक बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. हात जोडून सांगते, ते करू नका. त्या धगीतून निघणाऱ्या वायूला वास नसतो, रंग नसतो, पिल्लांसोबत त्या खोलीत झोपलेली माणसं उठत नाहीत. आणि लोंबकळता बल्ब तुसावर पडला तर आग लागायला वेळ लागत नाही, आमच्या बाजूच्या गावात तणसाच्या ढिगासकट एक गोठा असाच गेला.

पॅडलाही धोके आहेत, लपवत नाही. तो माणसांसाठी केलेला आहे, ओला झाला तर शॉकचा धोका आहे, म्हणून मी अभ्रा दर दोन दिवसांनी बदलते, दोन अभ्रे ठेवले आहेत, एक धुवायला एक वापरायला, आणि बदलताना पिन काढल्याशिवाय हात लावत नाही. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून वायर पाण्याच्या जुन्या पाइपच्या तुकड्यातून ओवून घेतली. घराला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारी पेटी, बसवून घेतली, वायरमनने तासाभरात बसवली. जुनाट, भेगा पडलेला, कुठे काळा झालेला पॅड वापरायचा नाही. आणि टपाभोवती जाळी पाहिजेच, मुंगसाला आणि मांजरीला पण ती पिल्लं माहीत असतात.

हे मोठ्या शेडसाठी नाही. पाचशे-हजार पक्ष्यांचे धंदे करणाऱ्यांनी त्यांचे गॅसचे नाहीतर इलेक्ट्रिकचे ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे हीटर, लावावेत. एका पॅडखाली वीस-पंचवीस पिल्लं, त्याच्या वर नको, वाढली की तीही दाटतात. शंभर असतील तर चार पॅड, चार टप, चार वेगळे कोपरे. आणि मार्च उजाडला की आमच्या विदर्भात दिवसा पॅडची गरजच नाही, तिथे उलट पिल्लांना उन्हापासून वाचवावं लागतं, एप्रिल-मे मध्ये तर रात्रीही फार कमी लागतो. पावसाळ्यात मात्र लागतो, झडी लागली की पिल्लं ओल्याने गारठतात आणि ओल्या तुसात रक्ती हगवण येते ते वेगळंच.

त्या चौदा पिल्लांनंतर मी पॅडखाली पाच वेळा पिल्लं काढली. पहिल्या वेळी ती दोन गेली. त्यानंतरच्या चार खेपांत, दर वेळी पंचवीस-सव्वीस, मिळून तीन गेली, त्यातलं एक मुंगसाने नेलं. आमच्या गटातल्या सहा बायका आता असंच करतात. मी काही शिकलेली डॉक्टर नाही, पण हे माझ्या सपरीतलं आहे आणि कोणीही येऊन पाहावं.

म्हणून आता मागणं. सरकारची एकात्मिक कुक्कुट विकास योजना आहे, त्यात ५० टक्के अनुदानावर एक दिवसाची शंभर पिल्लं आणि खाद्य मिळतं. योजना चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण एक दिवसाचं पिल्लू म्हणजे मायशिवायचं पिल्लू. खाद्याची सोय केली तशीच उबेची सोय त्याच अनुदानात का असू नये? चार पॅडचे अडीच-तीन हजार होतील. पिल्लं पहिल्या आठवड्यातच मेली तर त्या खाद्याचं काय करायचं आणि पुढे पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायची कोणाला? त्याच योजनेत आठ-दहा आठवड्यांच्या २५ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणि ३ नर असा गट पण वाटतात. मग डिसेंबर-जानेवारीत तलंगाच वाटा, एक दिवसाची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडावर वाटा. आणि थंडीत वाटायचीच असली तर वाटप सकाळी करा, म्हणजे बाईला घरी जाऊन ऊन असेपर्यंत सगळं बसवता येईल, पिल्लांना दाणा-पाणी दाखवता येईल. पाहुणे यायला उशीर झाला म्हणून बॉक्स संध्याकाळपर्यंत मंडपात ठेवायचे असं होऊ नये. पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस निघतं हे खरं आहे, पण त्या बलकात भूक भागते, थंडी नाही.

बचत गटांच्या सरकारी उमेद अभियानाच्या पशुसखी गावोगाव आहेत, जनावरं-कोंबड्यांची माहिती देणाऱ्या त्या आमच्यातल्याच बायका आहेत. त्यांच्याकडे एक नमुन्याचा टप आणि एक पॅड दिला तर त्या अर्ध्या तासात दाखवू शकतात, कागदावरचं प्रशिक्षण आणि चहा-बिस्किटं यापेक्षा ते जास्त कामाचं होईल. आणि नागपुरात २००० सालापासून आपलं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या मोठ्या लोकांना माझी विनंती आहे की माणसांच्या पॅडवर आम्ही जुगाड करून राहिलो, त्याऐवजी खास पिल्लांसाठी, १२ व्होल्टवर चालणारा, धुता येणारा, सोलरच्या बॅटरीला जोडता येणारा पॅड करून द्या. शॉकची भीती जाईल आणि ज्या पाड्यांवर लाइन नीट नाही तिथल्या बाईलाही तो वापरता येईल. हे फार अवघड काम नसावं.

सध्या माझ्याकडे सव्वीस पिल्लं आहेत, आज अकरावा दिवस. काल रात्री दोनला लाइन गेली ती साडेचारला आली. मी उठले, टॉर्च न लावता टपाखाली हात घातला. पॅड गरम होता. सगळी एकमेकांना टेकून झोपली होती, एकाने माझ्या बोटाला हळूच टोचलं आणि परत आत सरकलं.

कळावे,
आपली एक वाचक,
जि. भंडारा